थोरलीच्या पाठीवरचा डाग

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, दुसऱ्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत, विभागप्रमुखांनी प्रोजेक्टरची वायर भिंतीतून ओढून काढली. पडद्यावरचा आलेख गेला. समोर उभ्या असलेल्या बाईच्या हातातल्या लेझरचा लाल ठिपका तेवढा कोऱ्या पडद्यावर राहिला.

"बास," विभागप्रमुख म्हणाल्या. "पुढचा विषय."

"मॅडम, माझं झालं नाही अजून."

"तुझं कधीच होत नाही. आम्ही काय जन्मभर ऐकत बसायचं?"

खोलीत नऊ माणसे होती. नवांतल्या सहांनी एकाच वेळी आपापल्या कागदांत डोके घातले. संचालकांनी चष्मा काढून पुसला. उभी असलेली बाई विभागप्रमुखांची नणंद लागते, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होते. ऑफिसात ती त्यांना मॅडम म्हणे, घरी वहिनी. गेल्या पंधरवड्यात दोन्ही हाका फारशा ऐकू आल्या नव्हत्या.

नणंदेने ठिपका बंद केला, लॅपटॉप मिटला आणि खुर्चीवर बसली. वायर जमिनीवर पडून होती. बैठक संपेपर्यंत ती कुणी उचलली नाही.

भांडण ज्यावरून होते ती ताऱ्यांची एक जोडी आहे. दोन तारे एकमेकांच्या इतके जवळ, की ओढाओढीत दोघांचा आकार अंड्यासारखा झाला आहे. साडेचौदा तासांच्या आत ते एकमेकांभोवती एक फेरी मारतात. विभागात कुणीतरी कधीकाळी त्यांना थोरली आणि धाकटी अशी नावे ठेवली, आणि ती चिकटली. थोरली जास्त तापलेली, जास्त झगझगीत. जगातल्या कुठल्याही दुर्बिणीतून त्या दोघी वेगळ्या दिसत नाहीत. दिसतो तो एक ठिपका. मात्र फिरताना त्या आळीपाळीने एकमेकींना झाकतात, आणि ठिपक्याचा उजेड कमीजास्त होतो. त्या चढउतारावरून कुठल्या ताऱ्याच्या कुठल्या अंगाला थंड, काळे डाग आहेत हे मांडता येते. चेहरा न बघता चेहऱ्यावरचे तीळ सांगायचे, असा हा उद्योग आहे. वहिनींनी यात पंधरा वर्षे घातली आहेत, आणि त्यांच्याइतके चांगले ते फार थोड्यांना जमते.

आजवरच्या प्रत्येक नकाशात थोरलीचा मोठा डाग धाकटीच्या समोरच्या बाजूला होता. गेली तीन वर्षे घुमटाच्या दुरुस्तीमुळे या जोडीचे निरीक्षण बंद होते. यंदा पुन्हा सुरू झाले आणि नकाशात डाग थेट पाठीवर गेलेला दिसला. वहिनींनी त्याला "उडी" म्हटले. दोन आठवड्यांपूर्वी संस्थेच्या वेबसाइटवर ती जाहीर झाली, सोबत चित्र: नारिंगी अंडे, पाठीवर काळा पट्टा. परदेशातून फोन आले. नव्या मोठ्या दुर्बिणीच्या प्रकल्पाचे प्रमुखपद वहिनींकडे जाणार हे त्याच आठवड्यात जवळपास ठरले.

जाहीर केलेल्या निष्कर्षावर दोन नावे होती. पहिले वहिनींचे, दुसरे नणंदेचे. नणंद तेव्हा दुर्बिणीच्या डोंगरावर होती, ताऱ्याचा उजेड रंगांत फोडून त्यातल्या रेषा टिपणाऱ्या, म्हणजे वर्णपट घेणाऱ्या यंत्राचे दुरुस्तीकाम बघत. आपले नाव आपण यात दिले आहे हे तिला वेबसाइट बघून कळले.

परत आल्यावर तिने आकडे पुन्हा काढले. उडी कुठे सापडली नाही.

बैठक संपल्यावर जिन्यात संचालकांनी तिला गाठले.

"मला दोन वाक्यांत सांगा. तीन नकोत."

"फेरी मोजायची सुरुवात चुकलीय. डाग जागच्या जागी आहे, आपणच जोडी उलटी धरलीय."

"म्हणजे?"

"हे तिसरं वाक्य मागताय तुम्ही."

संचालक हसले नाहीत. मग तिने नीट सांगितले. एका फेरीत उजेडाच्या आलेखात दोन खड्डे पडतात. जो खोल, तो थोरली झाकली गेल्याचा, कारण झगझगीत ती आहे. तिथून फेरी मोजायची, ही विभागाची रीत. खड्ड्याची खोली मात्र तळापासून मोजत नाहीत, खड्ड्याच्या दोन्ही कडांपासून मोजतात. विभागात त्या कडांना खांदे म्हणतात. डाग समोरच्या अंगाला खूप वाढला, तर थोरली झाकली जाण्याच्या आधी आणि नंतर तोच आपल्याकडे तोंड करून असतो. खांदेच खाली उतरतात. खड्डा उथळ वाटतो. मग संगणक दुसरा खड्डा खोल समजून उचलतो, फेरी अर्ध्याने सरकते आणि समोरचा डाग पाठीवर जाऊन बसतो.

"म्हणजे डाग हललाच नाही."

"वाढलाय. वाढल्यामुळेच आपल्याला हललेला दिसतोय."

"मॅडमचं म्हणणं काय?"

"तीन वर्षांचा खंड आहे, फेरीचा काळ बदलला असेल, जुन्या मोजणीवर भरवसा नको. ते खरंही आहे. म्हणून भांडत बसण्यापेक्षा मला एक तास द्या. यंत्र सुरू झालंय. खोल खड्ड्याच्या जरा आधी एक वर्णपट घेते. थोरलीच्या रेषा जाड आहेत, लगेच ओळखू येतात. ती आपल्यापासून लांब जात असेल तर ती मागे जाऊन झाकली जाणार, मॅडम बरोबर. आपल्याकडे येत असेल तर ती पुढे येणार, झाकली जाणार धाकटी. मग उडी नाही."

संचालकांनी जिन्याच्या खालीवर पाहिले. "येत्या सोमवारी तुमच्या कायम नेमणुकीची समिती आहे."

"माहीत आहे."

"तिघांची समिती आहे. त्यात मॅडम आहेत."

"तेही माहीत आहे, सर. सात वर्षं मी दर वर्षी नव्यानं सही करतेय. ह्या वेळी नाही झालं तर आठवी सही नाही."

"आणि तरीही?"

"माझं नाव आहे त्या चित्राखाली."

संचालकांनी गुरुवार संध्याकाळचा तास दिला. तीन दिवसांत पाच फेऱ्या होतात, म्हणून खोल खड्डा दर तीन दिवसांनी अंधार पडताना येतो, आणि गुरुवारी तो येणार होता.

बुधवारी सकाळी दुर्बिणीच्या वेळापत्रकात तो तास नव्हता. त्या जागी "आरसा धुणे" असे आले होते.

नणंद दार न वाजवता वहिनींच्या खोलीत गेली. वहिनी उभ्यानेच काहीतरी वाचत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आरसा गेल्या महिन्यात धुतलाय."

"पुन्हा मळला."

"वहिनी, भीती वाटतेय तर तसं सांगा."

"इथं मी वहिनी नाही." आता त्यांनी वर पाहिले. "आणि भीती? तुझी? तू या घरात यायच्या आधीपासून मी..." त्या थांबल्या. नणंद त्या घरात जन्मली होती. आल्या होत्या त्या. दोघींच्या ते एकाच वेळी लक्षात आले आणि दोघींपैकी कुणीही हसले नाही.

"बस," वहिनी म्हणाल्या.

"उभी बरी आहे."

"मग उभ्यानं बघ." त्यांनी पडदा तिच्याकडे फिरवला. पडद्यावर आलेखातले खड्डे शोधणारी आज्ञावली होती. मधली एक ओळ वहिनींनी पिवळी केली होती. खांद्यांपासून खोली मोजा, जास्त खोल तो पहिला धरा. "ही ओळ कुणाची आहे?"

नणंदेने ओळ वाचली.

"मी विचारलं, कुणाची आहे?"

"माझी."

"तुझी. डॉक्टरेट करताना लिहिलीस. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि विभागानं ती जशीच्या तशी उचलली. तुझ्या प्रबंधात अकरा जोड्या आहेत, अकराही जोड्यांचे नकाशे याच ओळीवर. मी चुकले असेन तर तुझे अकरा नकाशे काय करणार आहेस? मुलांना वह्यांना कव्हर घालायला देणार?"

नणंदेने पिवळी ओळ पुन्हा एकदा वाचली.

"सोमवारी समितीपुढं काय ठेवणार आहेत? तोच प्रबंध. मला तोंडघशी पाड, जरूर पाड. पण स्वतः कुठं पडशील ते बघून ठेव."

"तुम्हाला ही ओळ कधी दिसली?"

"त्याच्याशी तुला काय करायचंय?"

"जाहीर करायच्या आधी की नंतर?"

वहिनींनी पडदा परत स्वतःकडे फिरवला. "दार लावून जा."

नणंदेने दार उघडेच ठेवले.

नणंद त्याच घराच्या वरच्या मजल्यावर एकटी राहते. खाली वहिनी आणि तिचा भाऊ. भाऊ दातांचा डॉक्टर आहे. बुधवारची रात्रीची जेवणे खाली एकत्र व्हायची, हा त्याने लावलेला नियम. गेले दोन बुधवार तो मोडला होता. या बुधवारी त्याने दुपारीच दोघींना फोन करून सांगितले की न येणाऱ्या बाईचा दात तो फुकट काढून देईल.

दोघी आल्या. टेबलाच्या दोन टोकांना बसल्या. मीठ भावाच्या हातून जात येत होते.

"एक सांगू का?" भाऊ म्हणाला. "पेशंटच्या दातावर डाग दिसला ना, तर मी आधी माझा आरसा पुसतो. निम्मे डाग तिथंच जातात."

"तुझा पेशंट तोंड उघडतो," वहिनी म्हणाल्या. "माझा साडेतीनशे प्रकाशवर्षांवर आहे."

"आणि तोंड उघडत नाही हे बरंच आहे," नणंद म्हणाली. "नाहीतर पहिला तोच म्हणाला असता, मी कुठं उडी मारली?"

"बघ, बघ. घरातही सुरू."

"तुम्ही आरसा धुवायला काढलात म्हणून सुरू. दादा, हिनं माझा तास खाल्ला."

"हिनं? मी ही कधीपासून झाले?"

"आज सकाळपासून. ऑफिसात तुम्ही वहिनी नाही म्हणालात ना? मग घरी तरी कशाला?"

भावाने चमचा खाली ठेवला. "तू तिला तास दे," तो बायकोला म्हणाला. "आणि तू," बहिणीला म्हणाला, "जिभेला लगाम घाल."

"तास देते," वहिनी म्हणाल्या. आवाज शांत होता. "फुकट नाही. हिला एवढी खात्री आहे ना की ती ओळ चुकीची आहे? मग आधी स्वतःचं मागं घ्यावं. विद्यापीठाला लिहावं, ज्या मासिकात छापलं त्यांना लिहावं, की माझे अकरा नकाशे भरवशाचे नाहीत. उद्या संध्याकाळनंतर नाही. आधी. तसं लिहिलं की उद्या आरसा मळका राहील."

"हे काय आता?" भाऊ म्हणाला. "सोमवारी तिची समिती आहे."

"म्हणूनच."

वहिनींनी ताटातून मान वर केली नाही. हिला जमणार नाही, हे त्यांच्या जेवण्यावरून दिसत होते. त्या सावकाश जेवत होत्या.

नणंदेने डावा हात पुसला, फोन उचलला आणि टेबलावरच टाइप करू लागली. मजकूर मोठा नव्हता. प्रबंधातली खड्डा ओळखण्याची पद्धत डाग मोठे असताना चुकू शकते. अकराही नकाशे पुन्हा तपासेपर्यंत कुणी वापरू नयेत. चूक माझी आहे. तिने तो वाचून दाखवला.

"अगं, थांब," भाऊ म्हणाला.

तिने पाठवला. जाताना फोनमधून बारीक आवाज झाला.

"तुम्हालाही एक प्रत आहे, मॅडम," ती म्हणाली. "तास किती वाजता?"

वहिनींचे जेवण संपले नव्हते. त्या उठल्या आणि ताट घेऊन आत गेल्या. आतून नळ बराच वेळ चालू असल्याचे भावाने नंतर सांगितले.

गुरुवारी नियंत्रणकक्षात चौघे होते: संचालक, वहिनी, नणंद आणि दुर्बीण चालवणारा ऑपरेटर. त्याला सगळे "मिनिटभर" म्हणतात, कारण काहीही विचारले तरी तो आधी "मिनिटभर थांबा" म्हणतो. दुर्बीण डोंगरावर, हे लोक शहरातल्या तळमजल्यावर, मध्ये एक केबल. खोलीला खिडकी नाही. आकाश स्वच्छ आहे हे पडद्यावरच कळत होते.

संचालकांनी दोघींना सांगितले, "आधी आपापलं बोलून टाका. नंतर मला फाटे नकोत."

"थोरली लांब जात असेल," वहिनी म्हणाल्या.

"जवळ येत असेल," नणंद म्हणाली.

"मॅच लावल्यासारखं वाटतंय," मिनिटभर म्हणाला. मग तो पडद्याकडे वळला.

जोडी दुर्बिणीत आली. वर्णपट घ्यायला पंधरा मिनिटे लागणार होती. त्या पंधरा मिनिटांत वहिनी एकाच गोष्टीबद्दल बोलल्या.

"दिव्याच्या रेषा आधी घेतल्यास का?"

यंत्रात एक ठरलेला दिवा असतो. त्याच्या रेषा कुठे पडायच्या हे माहीत असते. ताऱ्याच्या रेषा सरकल्या की नाही ते त्यांच्यावरून ठरते.

"आधी घेतल्यात. नंतरही घेणार आहे."

"मला दाखव."

नणंदेने दाखवल्या. वहिनींनी एकेक रेष बोटाने तपासली. दुरुस्ती चोख झाली होती. त्यांनी तसे म्हटले नाही, पण पुढची रेष तपासली नाही.

वर्णपट पडद्यावर आला. दोन जातींच्या रेषा होत्या, जाड आणि बारीक, एकमेकींपासून लांब. जाड रेषा निळ्या बाजूला सरकलेल्या होत्या. तारा आपल्याकडे येत असला की त्या तिकडे सरकतात.

"म्हणजे?" संचालकांनी विचारले, जरी त्यांना कळले होते.

"जवळ येतेय," मिनिटभर म्हणाला. या वेळी त्याने मिनिट मागितले नाही.

वहिनी पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. "जाड रेषेला डागामुळे कुबड येतं. मध्य सरकतो."

"सरकतो. जरासा," नणंद म्हणाली. "हे त्याच्या तीसपट आहे. कुबड किती सरकवतं ते मला तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं. ते एक चुकलंच."

"मॅडम," संचालक म्हणाले, "आता वेबसाइटवरचं..."

"एक संध्याकाळ. एक वर्णपट. यंत्र परवा दुरुस्त होऊन आलेलं, आणि ते दुरुस्त करणारी तीच." त्यांनी पर्स उचलली. "एवढ्यावर मी काहीही मागं घेणार नाही."

"माझं मी घेतलं," नणंद म्हणाली. "वर्णपटाशिवाय."

वहिनी दारापाशी थांबल्या. "हो," त्या म्हणाल्या. "तेच मला अजून कळत नाहीय." आणि गेल्या. हे टोचून होते की खरोखरचे, यावर खोलीतल्या तिघांचे एकमत नाही.

खड्डा उलटून गेल्यावर नणंदेने दुसरा वर्णपट घेतला. त्यात जाड रेषा तांबड्या बाजूला होत्या, म्हणजे थोरली पुढून निघून लांब चालली होती. जे म्हटले होते तेच.

शुक्रवारी दुपारी विद्यापीठाचे उत्तर आले. अकरा नकाशांपुढे "फेरतपासणीत" असा शेरा टाकण्यात आला आहे. हा शेरा कुणालाही दिसतो, समितीलाही दिसेल. निष्कर्ष वेबसाइटवरून काढायचा तर पहिल्या नावाच्या व्यक्तीने तसे कळवावे लागते, असे संचालकांच्या कार्यालयाने सांगितले. नणंदेने दुसऱ्या नावाच्या वतीने कळवले आहे. चित्र अजून तिथेच आहे, काळा पट्टा पाठीवर.

समितीतून बाहेर पडणार का, असे संचालकांनी वहिनींना लेखी विचारले. उत्तर आलेले नाही. समिती सोमवारी सकाळी दहाला आहे.

भावाने दोघींना वेगवेगळे विचारून पाहिले. बहीण म्हणाली, "तुझ्या बायकोला विचार." बायको म्हणाली, "तुझ्या बहिणीला विचार." शुक्रवारपासून जिन्यातला दिवा दोघींपैकी जी आधी येते ती लावते आणि दुसरी यायच्या आत मालवते.

शनिवारी सकाळी दुर्बिणीच्या वेळापत्रकात एक नवी नोंद दिसली. रविवारी अंधार पडताना खोल खड्डा पुन्हा येतो आहे. तो तास वर्णपटाच्या यंत्रासह विभागप्रमुखांच्या नावावर आहे. कशासाठी हवा, हे लिहायची जागा रिकामी आहे. मिनिटभरने फोन करून विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की यंत्राजवळ दुसरे कुणी नको, दिव्याच्या रेषा त्या स्वतः घेतील.